देशातली एकुलती एक लिफ्ट

तिसरीच्या पुस्तकात ‘आपला देश’ नावाचा धडा आहे. गेली कित्येक वर्षं तो मी शिकवते आणि त्यातल्या प्रत्येक वाक्याशी माझं एकदा तरी भांडण झालेलं आहे. ‘आपला देश हे एक सुंदर बेट आहे.’ बेट आहे हे कबूल. सुंदर की नाही ते मुलांना ठरवू द्या ना. ‘आपल्या देशात नदी नाही. पावसाचं पाणी आपण टाक्यांत साठवतो.’ हे बरोबर. ‘आपल्या देशात रेल्वे आणि साप नाहीत.’ हेही बरोबर, पण दोघांना एकाच वाक्यात कोंबल्यामुळे दरवर्षी एखादं पोर विचारतंच, की बाई, रेल्वे आली तर साप पण येतील का? आणि मग शेवटाकडे हे: ‘आपल्या देशात एक लिफ्ट आहे. ती सरकारी इमारतीत आहे.’ शेजारी चित्र. जाळीच्या दाराजवळ टोपी घातलेला एक सडपातळ तरुण छाती पुढे काढून उभा आहे.

तो माझा मामा.

सख्खा मामा, आईचा धाकटा भाऊ. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण लहानथोर सगळेच त्याला लिफ्टमामा म्हणतात, आणि एवढ्या भाच्यांच्या गर्दीत माझा हक्क कोणी धरतच नाही. चित्रातला सडपातळपणा आता राहिलेला नाही. टोपी मात्र तीच आहे, आणि छाती पुढे काढायची सवयही. फक्त छातीच्या आधी आता पोट पुढे येतं.

जगाच्या नकाशात आमचा देश म्हणजे एक ठिपका. नाव छापायला जमिनीवर जागा नाही, म्हणून ते समुद्रात छापलेलं असतं. आमच्या वर्गातल्या नकाशावर तर तो ठिपकाही उरला नव्हता. एका फार कामसू मुलीनं एकदा नकाशा पुसायला घेतला आणि माशीनं घाण केली असं समजून देश नखानं खरवडून काढला. मी पेन घेऊन तिथं पुन्हा ठिपका दिला. जरा मोठाच दिला. आपल्याच देशाला देताना हात आखडता कशाला घ्यायचा?

तर सांगायचं असं, की आमच्याकडे धडा नुसता वाचून भागत नाही. धड्यातलं सगळं चालत जाऊन दाखवता येतं, मग दाखवायलाच लागतं. एक दिवस टाक्या. एक दिवस धावपट्टी. तिथं विमान यायच्या आधी भोंगा वाजतो आणि फुटबॉल खेळणारी मुलं बाजूला होतात. भोंगा झाल्यावर लागलेला गोल धरायचा की नाही, यावर देशात अजून एकमत नाही. आणि सगळ्यात शेवटी लिफ्ट. लिफ्टच्या दिवशी एकही मूल गैरहजर नसतं. ताप असला तरी लपवून येतात.

लिफ्ट म्हणजे लाकडी खोका, पुढे सरकती जाळी, आत एक पितळी दांडा आणि एक स्टूल. दांडा उजवीकडे ढकलला की वर, डावीकडे ओढला की खाली. मजल्याशी बरोबर थांबवणं हे मामाचं कसब. तो रोज थोडं चुकायचा आणि रोज म्हणायचा, “पायरी सांभाळा,” जणू ती पायरी बांधणाऱ्यानंच ठेवली होती. मुलं आत शिरली की जाळी ओढून घ्यायचा, घसा साफ करायचा आणि सुरू व्हायचा.

“तळमजला. तुम्ही आता समुद्राच्या पातळीला आहात. भरतीच्या दिवशी जरा खालीसुद्धा असता, पण घाबरायचं नाही, मी आहे.”

“पहिला मजला. इथे आपलं पाणी. नळाला पाणी आलं नाही तर इथल्या साहेबांना शिव्या बसतात. तुम्ही देऊ नका, तुमचे आईबाबा देतात.”

“दुसरा मजला. इथे पासपोर्ट. इथून माणसं जगात जातात.”

“तिसरा. इथे तुमची टेकडी संपली. टेकडीवर उभं राहिलं की डोकं इथवर येतं.”

“चौथा. त्याच्यावर गच्ची. इथून वर आता फक्त पक्षी आणि आठवड्यातनं दोनदा विमान.”

यातलं किती खरं, हा प्रश्न विचारायचा नाही. मी शिक्षिका असल्यामुळे मला तो विचारावा लागतो, कारण मुलं पुस्तकातलं विसरतात आणि मामाचं लक्षात ठेवतात. एका वर्षी परीक्षेत ‘देशाची राजधानी कोणती?’ याला तिघांनी उत्तर लिहिलं, ‘दुसरा मजला’. मी पेपर घेऊन मामाकडे गेले. त्यानं चष्मा लावून तिन्ही पेपर वाचले आणि म्हणाला, “अर्धे मार्क तरी दे. सगळे तिकडेच तर जातायत.”

गच्चीवर पोचलं की मामा म्हणायचा, “आपापलं घर शोधा.” मग पोरं कठड्याला चिकटायची. इथून सगळा देश दिसतो, अगदी सगळा, बंदरापासून टेकडीपलीकडच्या दीपगृहापर्यंत. घर सापडतं, दोरीवरचे कपडे सापडतात. एकाला एकदा कामाला गेलेले बाबा होडीत झोपलेले सापडले. ते घरी कळल्यावर काय झालं ते मी इथे सांगत नाही.

आता गंमत अशी, की देशातला प्रत्येक माणूस कधी ना कधी तिसरीत होता. त्यामुळे मामाच्या लेखी सगळे अजून तिसरीतच आहेत. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई पहिल्या मजल्यावर भोकाड पसरून रडल्या होत्या, हे तो त्यांना दर भेटीत सांगतो. एक मंत्री लहानपणी दुसऱ्या मजल्यावर ओकले होते. पुढे मंत्री होऊन ते चौथ्या मजल्यावर बसायला आले, तेव्हा मामानं चारचौघांत अदबीनं विचारलं, “साहेब, आज पोट बरं आहे ना?” तेव्हापासून साहेब जिन्यानं जातात. तब्येतीला चांगलं असतं म्हणतात.

एवढ्या सगळ्यांना मामानं वर नेलं. राहिली ती फक्त मामी. ती तिसरीत होती तेव्हा देशात लिफ्टच नव्हती.

मामीचा चहाचा गाळा त्याच इमारतीत, जिन्याखाली, लिफ्टच्या अगदी समोर. बारा महिने तेरा काळ दोघं समोरासमोर. तिचा चहा ट्रेमध्ये बसून रोज चौथ्या मजल्यावर जायचा. ती स्वतः एकदाही गेली नाही. मामानं काय काय केलं नाही? लग्नाच्या नव्या नवलाईत विनवण्या केल्या. मग पैज लावली. मग रुसून पाहिलं, पण रुसल्यावर चहा मिळेना, तेव्हा ते सोडलं. एकदा त्यानं डाव टाकला: “वरचे साहेब म्हणतात चहात साखर कमी असते. तूच येऊन बघ एकदा.” मामीनं शांतपणे साखरेचा अख्खा डबा ट्रेवर ठेवला आणि म्हणाली, “हा न्या. हवी तेवढी घालून घेऊ देत.”

विचारलं तर म्हणायची, भोवळ येते. माझा विश्वास नव्हता. पावसाळ्याआधी टाकी धुवायला हीच बाई शिडीवरून छपरावर चढते, एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात खराटा घेऊन, आणि वरून आम्हाला ओरडते की शिडी नीट धरा. तेव्हा भोवळ कुठे जाते? पण मामीशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. भिंतीला काही होत नाही.

त्यांचा एकच मुलगा, माझा मामेभाऊ. तो परदेशी गेला, आमच्याकडची निम्मी मुलं जातात तसा. एका मोठ्या देशात, मोठ्या शहरात, मोठ्या गोदामात काम करतो. रविवारी फोन करतो. पुढच्या वर्षी येतो म्हणतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पुढच्या वर्षी येतो म्हणतो. मामी त्याच्या पलंगावरची चादर दर आठवड्याला बदलते. न वापरलेली चादर धुते, वाळवते, घडी घालते. हे मी पाहिलंय आणि मला ते बघवत नाही. तो गेल्यापासून तर लिफ्टचं नाव काढलं की ती तिथून उठूनच जायची. पूर्वी निदान चेष्टा करायची. मामा ते समजून होता, पण काय समजला होता ते त्यालाही सांगता आलं नसतं.

मग एक दिवस परदेशातून लिफ्टचे इंजिनियर आले. गच्चीवरच्या खोलीत मोटर असते, ती त्यांनी उघडली, बॅटरी मारून पाहिली आणि मान हलवली. हिचे भाग आता कुठेच बनत नाहीत म्हणाले. दोर ठीक आहे, पण मोटर कधीही राम म्हणेल. सरकारनं ठरवलं की महिनाअखेर लिफ्ट बंद करायची. नवी येईल तेव्हा येईल, बटणांची. मामाला तळमजल्यावर चौकशीच्या खिडकीत बसवायचं. खुर्ची मिळेल, डोक्यावर पंखा मिळेल.

मामानं ते सगळं शहाण्यासारखं ऐकून घेतलं. संध्याकाळी आमच्याकडे आला. आईनं पुढे केलेली बिस्किटं तशीच राहिली, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

“बटणांची तर बटणांची,” तो म्हणाला. “माझं काही म्हणणं नाही. पण हिला एकदा वर न्यायचं राहिलं गं. अख्ख्या देशाला नेलं आणि घरचं माणूस खालीच. आता महिना उरला. एवढं एक झालं ना, की मग मला कुठल्याही खिडकीत बसवा.”

आई म्हणाली, “मागे लागू नकोस. मागे लागलं की ती आणखी ताठ होते.”

मामा मागे लागला. रोज लागला. मीही मध्ये पडून पाहिलं, आणि मामीनं मला भांडी विसळायला लावली. पण शेवटच्या आठवड्यात काय झालं कोण जाणे, एका सकाळी गाळणी झटकता झटकता ती म्हणाली, “बरं. शेवटच्या दिवशी येईन. आता डोकं खाऊ नका.”

मामानं त्या दिवशी पितळी दांडा इतका घासला की त्यात तोंड दिसायला लागलं.

शेवटचा दिवस शनिवार होता. शाळा सकाळचीच, ती सुटल्यावर मी तिकडे गेले तर रांग इमारतीतून निघून बाजारापर्यंत पोचलेली. सगळ्यांनाच शेवटचं एकदा वर जायचं होतं. डॉक्टरीणबाई होत्या, कोळी होते, धावपट्टीवरचा भोंगेवाला होता. भोंगा कोणाकडे सोपवून आला होता देव जाणे. मंत्रीसाहेबसुद्धा रांगेत होते. आत शिरताना ते मामाला हळूच म्हणाले, “मामा, आज पोट बरं आहे.” मामाचा ऊर भरून आला.

मामीनं गाळा बंद केला होता. भर दिवसा स्टोव्ह विझलेला मी पहिल्यांदाच पाहिला. ठेवणीतले कपडे घालून, केस नीट बांधून ती जाळीसमोर उभी होती. चेहरा असा, जणू दात काढायला आलीय. मला वाटलं, आता हिला आधी घ्या, हिचा विचार बदलायच्या आत. आणि आमचा मामा काय म्हणाला असेल?

“थांब गं जरा. आधी पाहुणे, मग घरचे. तुला शेवटची फेरी. एकटीला. राणीसारखी.”

हे आमच्या रक्तातच आहे. घरात चार लाडू असले आणि पाच माणसं आली की पाचवं माणूस घरचं असतं. मामी बाजूला सरकली. तिलाही ते बरोबरच वाटलं, हे तर आणखी वाईट. मी म्हटलं, “मामा, तिला ने आधी.” तर तो म्हणाला, “लोक ताटकळलेत गं,” आणि जाळी ओढून वर गेला.

पाहुणे संपेनात. वर जाऊन आलेले पुन्हा रांगेत लागत होते. मामाचा घसा बसला, तरी प्रत्येक फेरीला पाचही मजल्यांचं सगळं म्हणत होता. मामी उभीच होती. कोणी म्हणालं बसा, तर म्हणाली, “बसले तर उठायची नाही.”

दुपार उलटली आणि जळका वास यायला लागला. लिफ्ट तेव्हा पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये होती. आत आमच्या मुख्याध्यापिका आणि बाजारातल्या दोन फळवाल्या. वर मोटर एकदा लांब कण्हली आणि थांबली. अग्निशमनवाल्यांनी वरचं चाक हातानं फिरवून खोका खाली आणला. मुख्याध्यापिका बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “फार छान,” कारण त्यांना वाटलं, शेवटच्या दिवशी असंच असतं. अग्निशमनवाल्यानं मामाकडे पाहून मान हलवली. मोटर जळाली होती.

लोक हळूहळू पांगले. मामा आत स्टुलावर बसून राहिला, दांड्यावर हात तसाच. समोर मामी.

मला मामाचा संताप आला होता. इतका, की बोलायला तोंड उघडलं. पण त्याचा चेहरा पाहिला आणि मिटलं. त्यानं टोपी काढली होती. तो म्हणाला, “अगं, मला वाटलं आधी पाहुणे...”

मामीनं त्याच्याकडे बघितलं. मग जिन्याकडे बघितलं.

“जिना आहे ना?” ती म्हणाली.

“जिन्यानं?” मामा म्हणाला. स्वतःच्या इमारतीचा जिना त्यानं कधी चढलेला नव्हता. 

“मी तयार होऊन उभी आहे. कपडे काय उगाच घातलेत? चला.”

मामी पुढे, मामा मध्ये, आणि तो गडगडला तर धरायला मी मागे, अशी वरात निघाली. पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत मामाची शिट्टी वाजायला लागली. सवयीनं त्यानं तोंड उघडलं, पण हवा आत जात होती, बाहेर काही येत नव्हतं.

“पहिला मजला,” मामी म्हणाली. “इथे आपलं पाणी. नळाला पाणी आलं नाही तर इथल्या साहेबांना शिव्या बसतात.”

मामा कठडा धरून तिच्याकडे बघत राहिला.

“तुम्ही देऊ नका, तुमचे आईबाबा देतात,” मामीनं पुरं केलं आणि पुढची पायरी चढली. दुसऱ्या मजल्यावर तिनं दुसरा म्हटला, तिसऱ्यावर तिसरा. मामा जिथे मुलांच्या हसण्यासाठी थांबायचा, तिथे तीही थांबली.

“तुला सगळं पाठ आहे?” मामानं शेवटी विचारलं.

“जाळीतून सगळं खाली येतं हो. तुम्ही बोलता काय हळू?”

गच्चीचं दार मामानं उघडलं. ऊन उतरलं होतं, वारा चांगला होता. मामाला अजून दम लागलेला, तरी म्हणालाच, “आपापलं घर शोधा.” ऐकायला आम्ही दोघीच होतो.

मामीनं घर शोधलं नाही. कठड्याला हात लावून ती चालत निघाली. बंदर, शाळा, बाजार, धावपट्टी, टेकडी, दीपगृह. कुठे फार थांबली नाही, कुठे घाई केली नाही. फिरून पुन्हा बंदरापाशी आली तेव्हा म्हणाली, “एवढंच?”

मामाचं तोंड उतरलं. “एवढंच म्हणजे? सगळा देश आहे हा.”

“तेच म्हणतेय. सगळा मिळून एवढाच.”

मी मनात म्हटलं, बाई गं, थोडं खोटं बोललीस तर काय बिघडेल? ज्यानं आयुष्यभर वाट पाहिली त्याच्यासमोर असं बोलतात? पण मामी आमच्याकडे बघतच नव्हती. ती धावपट्टीकडे बघत होती.

“जाताना तो मला तिथं म्हणाला होता,” ती म्हणाली. “आई, इथे सगळं फार छोटं आहे गं, जीव घुसमटतो माझा. मी भांडले त्याच्याशी. छोटं कुठे आहे, चांगलं मोठं आहे, म्हटलं. तुम्ही सामान द्यायला गेला होतात, तेवढ्यात भांडले, विमानाच्या शिडीपाशी. तो रागानंच चढला. तेव्हापासून फोनवर सगळं बोलतो आम्ही, हे सोडून.”

मामाला हे ठाऊक नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं.

“आधी तुम्ही फार मागे लागायचात, म्हणून नाही आले वर. खरं सांगते, गंमत वाटायची. पण तो गेल्यावर भीती वाटायला लागली. वर जाऊन बघितलं आणि खरंच छोटं निघालं तर? मग त्याला उगाच बोलले असं व्हायचं.”

“मग?” मामानं विचारलं. “आता?”

“छोटंच आहे,” मामी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तिनं ते पुसलं नाही. “त्याचंच बरोबर होतं. उद्या रविवार आहे. फोन आला की सांगते त्याला, वर जाऊन बघून आले, तुझंच खरं होतं. भांडण माझ्याकडून मिटलं.”

मामा तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. दोघं धावपट्टीकडे बघत होते.

“मग येईल तो?” मामानं विचारलं, तिसरीतल्या पोरासारखं.

“ते त्याचं तो बघेल,” मामी म्हणाली. “आता यायचं झालं, तर मला हरवून यावं लागणार नाही.”